तांबड्या अक्षरांचं गाव

सालामांकाच्या जुन्या विद्यापीठासमोर कधीही जा, दहा-पंधरा माणसं माना मागे टाकून उभी असतात. ती बेडूक शोधत असतात. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ती दर्शनी भिंत इतकी बारीक कोरलेली आहे की या शैलीला नावच सोनाराच्या कामावरून पडलं, 'प्लातेरेस्को'. राजाराणी, पोप, पशू, फुलं, राक्षस या सगळ्या गर्दीत उजव्या खांबावर तीन कवट्या आहेत आणि त्यांतल्या एकीच्या टाळूवर एक बेडूक बसलाय. कुणी न दाखवता तो ज्याला सापडतो तो विद्यार्थी परीक्षेत पास होतो, अशी समजूत. मला तो तिसऱ्या दिवशी दिसला, तोही एका शाळकरी पोरानं बोट दाखवल्यावर. म्हणजे मोजायचाच नाही.

मिगेल दे उनामुनो या विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांचा या बेडकावर राग होता. लोकांना बेडूक दिसतो याला त्यांची हरकत नव्हती. लोकांना बेडकापलीकडे काही दिसतच नाही, ही त्यांची तक्रार होती.

मला मात्र आधी दिसली ती अक्षरं. गावातले दगड जवळच्या बियामायोरच्या खाणीतले; त्यांत लोह असतं, त्यामुळे काळानं ते पिवळे, मग मधाच्या रंगाचे होत जातात. त्या मधाळ भिंतींवर जागोजाग तांबड्या रंगात नावं लिहिलेली आहेत आणि प्रत्येक नावाबरोबर एकात एक गुंतवलेल्या अक्षरांचं चिन्ह. हा 'बितोर', म्हणजे विजय. डॉक्टर झालेल्याचं नाव भिंतीवर चढायचं, परंपरेनं बैलाच्या रक्तात. परीक्षेच्या आदल्या रात्री उमेदवाराला जुन्या कॅथेड्रलमधल्या सांता बार्बाराच्या छोट्या प्रार्थनागृहात कोंडत. तो एका बिशपच्या थडग्याला पाय लावून खुर्चीत बसून अभ्यास करायचा. पास झाला तर मोठ्या दारानं मिरवणूक, नापास झाला तर गाड्यांच्या मागच्या दारानं गुपचूप घरी. धाकधूक लागलेल्या माणसाला 'प्रार्थनागृहात आहे' असं स्पॅनिशमध्ये अजून म्हणतात.

मी इथे आले होते एका सत्रासाठी, 'स्पॅनिश संस्कृती आणि इतिहास' शिकायला. पुण्यात भाषेच्या परीक्षा देऊन झाल्या होत्या. फ्लामेंको, बैलझुंज, डॉन किहोते आणि अल्हाम्ब्रा एवढं भांडवल होतं. बहुतेकांचं तेवढंच असतं. सालामांकात परदेशी विद्यार्थ्यांसाठी 1929 पासून अभ्यासक्रम चालतात. दीड लाखाच्या आतल्या वस्तीच्या या गावात विद्यार्थ्यांशिवाय दुसरा धंदा आहे की नाही, अशी शंका यावी. वर्गात आम्ही चौदा जण होतो: कोरियन, जपानी, ब्राझिलियन, दोघे अमेरिकन, लिमाहून आलेली साहित्याची एक विद्यार्थिनी, आणि सगळ्यांत वयानं मोठी मी.

पहिली अडचण इतिहासाची नव्हती, सर्वनामाची होती. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, मध्ययुगाच्या अभ्यासक, आणि त्यांना 'तू' म्हणायचं, नावानं हाक मारायची. माझी जीभच वळेना. पुण्यात मी माझ्या बाईंना अजून 'तुम्ही' म्हणताना थोडी उभी राहते. मी 'उस्तेद' म्हणत राहिले. शेवटी बाईंनी त्याच शब्दावर दहा मिनिटं घेतली. 'उस्तेद' म्हणजे मूळचं 'बुएस्त्रा मेर्सेद', आपली कृपा. झिजत झिजत इथवर आलं. म्हणून त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी, जणू समोरच्या माणसाशी नव्हे, त्याच्या कृपेशी बोलतोय. मी आपल्या 'आपण'बद्दल सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं, मग मला कृपा म्हण, पण गृहपाठ वेळेवर दे."

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: स्पेन कधी सुरू झालं? उत्तरांसाठी सगळी बाजू मोकळी सोडली. रोमनांचं 'हिस्पानिया', असं एकानं सांगितलं. रोमनांनंतरचे बिसिगोथ राजे, असं दुसऱ्यानं. 1492, असं अर्ध्या वर्गानं. त्या वर्षाचा पगडाच तसा आहे: 2 जानेवारीला ग्रानादा पडलं, 31 मार्चला ज्यूंच्या हद्दपारीचं फर्मान निघालं, 18 ऑगस्टला याच सालामांकात नेब्रिहाचं कास्तीयन, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं, व्याकरण छापून झालं, 12 ऑक्टोबरला कोलंबसाला जमीन दिसली. बाईंनी सगळी उत्तरं लिहून घेतली, एकावरही बरोबरची खूण केली नाही. मग दोन नावं लिहिली आणि मधे एक उभी रेघ मारली.

आमेरिको कास्त्रो आणि क्लाउदिओ सांचेथ-आल्बोर्नोथ. दोघेही यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूचे, दोघेही हुकूमशहा फ्रँकोमुळे परागंदा. एक प्रिन्स्टनमध्ये शिकवत होता, दुसरा ब्युनोस आयरिसमध्ये. देश गमावलेली दोन माणसं समुद्रापलीकडून कशावर भांडली? तर हरवलेला देश नेमका कोणता, यावर. कास्त्रोंचं पुस्तक 1948 मध्ये आलं. त्यांचं म्हणणं, 711 मध्ये मुसलमान फौजा उतरण्याआधी इथे स्पॅनिश असा कुणी माणूसच नव्हता. रोमन नव्हे, बिसिगोथही नव्हे. ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू यांच्या सात-आठ शतकांच्या शेजारातून, देवघेवीतून आणि हाणामारीतून स्पॅनिश माणूस घडला. सांचेथ-आल्बोर्नोथ यांनी 1956 मध्ये दोन जाडजूड खंडांत उत्तर दिलं: स्पॅनिश स्वभावाचं खोड फार जुनं आहे, अरबी काळ ही त्यावर वरून आलेली कलमं. पुढे अनेक वर्षं वाद पेटत राहिला. 'रेकोंकिस्ता', म्हणजे मुसलमानांकडून पुन्हा जिंकून घेणं, हा शब्दही त्या लढायांच्या काळातला नाही. तो रुजला एकोणिसाव्या शतकात. हे ऐकून दोघांपैकी एका अमेरिकनानं वहीत काहीतरी खोडलेलं मी पाहिलं.

माझे कान टवकारले ते वेगळ्या शब्दापाशी. कास्त्रो या तीन समाजांना 'कास्ता' म्हणतात. तीन कास्ता. हाच शब्द पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला, इथल्या जातींना लावला, इंग्रजांनी उचलला आणि आता तो आपल्या तहसील कचेरीत 'कास्ट सर्टिफिकेट' होऊन बसलाय. मूळ अर्थ वंश, पैदास, घोड्यांनाही लावायचे. ज्या शब्दानं जगाला भारत समजावून सांगितला जातो, तो शब्द स्पेन-पोर्तुगालच्या घरचा आहे, हे मला सालामांकाच्या बाकावर बसेपर्यंत जाणवलं नव्हतं.

आणि त्या शब्दामागे कागदपत्रंही होती. 1449 मध्ये तोलेदोत पहिल्यांदा ठरलं की बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंच्या वंशजांना शहरातली पदं मिळणार नाहीत. माणूस ख्रिस्ती झाला, पण रक्त झालं नाही. याला नाव 'लिंपिएसा दे सांग्रे', रक्ताची शुद्धता. पुढे सालामांकाच्या मोठ्या कोलेहिओंमध्ये, म्हणजे निवासी महाविद्यालयांमध्ये, प्रवेश हवा तर हा दाखला लागायचा. तपासणीस उमेदवाराच्या आजोबांच्या गावी जायचा, म्हाताऱ्यांना शपथेवर विचारायचा, यांच्या घरात शनिवारी चूल पेटायची का? मला आमच्याकडची जात पडताळणी आठवली, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी घातलेले खेटे आठवले. साम्य कागदापुरतंच. एक दाखला दार बंद ठेवण्यासाठी होता, दुसरा उघडण्यासाठी. वर्गात हे मी सांगितलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "हे लिहून काढ." ते लिहिताना माझे तीन दिवस गेले.

या रक्ताच्या हिशेबाची एक खोली विद्यापीठात जपून ठेवलेली आहे. ओबडधोबड तासलेल्या तुळयांची बाकं, दगडी भिंती, वर व्यासपीठ. फ्राय लुईस दे लेओन इथे धर्मशास्त्र शिकवायचे. कवी, हिब्रूचे जाणकार, आणि मागच्या पिढ्यांत ज्यू रक्त असलेले. बायबलच्या लॅटिन भाषांतरापेक्षा हिब्रू मूळ बरं असं ते म्हणतात, आणि 'गीतरत्न' त्यांनी लोकभाषेत आणलं, असे आरोप झाले. 1572 च्या मार्चमध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मन्यायालयानं, त्यांना उचललं. 1576 च्या डिसेंबरात सोडलं. दंतकथा अशी की, परत आल्यावर ते वर्गात उभे राहिले आणि 'काल आपण म्हणत होतो' असं म्हणून त्यांनी पुढे शिकवायला सुरुवात केली. पुरावा नाही. तरीही प्रत्येक वाटाड्या ती सांगतो. मला त्या बाकांवर बसल्यावर वाटलं, ही गोष्ट खरी असायची गरज कुणाला आहे, फ्राय लुईसना की विद्यापीठाला? पावणेपाच वर्षं आपला माणूस कोठडीत असताना आपण तास चालू ठेवले, ही बोच त्या एका 'काल'नं झाकली जाते.

खरी मेजवानी पुढे होती, आणि तिथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

सालामांकाचं विद्यापीठ 1218 मध्ये लेओनचा राजा नववा आल्फोन्सो यानं स्थापलं. त्याचा नातू, दहावा आल्फोन्सो, ज्याला 'एल साबिओ', ज्ञानी म्हणतात, त्यानं 1254 मध्ये त्याची घडी बसवली. या माणसानं एक मोठं काम केलं: कायदा, इतिहास, खगोल हे लॅटिनमधून काढून लोकांच्या कास्तीयनमध्ये आणलं. कविता मात्र तो गालिसियन-पोर्तुगीजमध्ये करायचा. गद्याला एक भाषा, गाण्याला दुसरी. त्याच्या पदरी तोलेदोत ज्यू, मुसलमान आणि ख्रिस्ती विद्वान एकत्र बसून अरबीतून भाषांतरं करायचे. तो राजा होण्याआधी, 1251 मध्ये, अरबीतून कास्तीयनमध्ये आलेलं एक पुस्तक कास्तीयन कथागद्याच्या अगदी सुरुवातीला उभं आहे: 'कालिला ए दिम्ना'.

बाईंनी पडद्यावर पान दाखवलं. एक सिंह, एक बैल, दोन कोल्हे. वर्ग शांत. मी मात्र खुर्चीतून अर्धी उठले. कालिला आणि दिम्ना म्हणजे करटक आणि दमनक! सिंह पिंगलक, बैल संजीवक. दोघांची मैत्री तोडणारा दमनक. शाळेत संस्कृतच्या तासाला मी याच कोल्ह्यावर निबंध लिहिला होता. पंचतंत्र इराणात पहलवीत गेलं, तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं अरबीत नेलं, आणि अरबीतून ते तोलेदोच्या वाटेनं इथवर आलं. स्पॅनिश गद्य बोलायला शिकलं तेव्हा तोंडात आपले कोल्हे होते.

मग मी घरी येऊन सालं जुळवत बसले. आल्फोन्सो 1284 मध्ये वारला. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' त्याच सुमाराचं, आणि 1290 मध्ये ज्ञानेश्वरी. इकडे महानुभाव संस्कृत बाजूला ठेवून मराठी गद्य घडवत होते, तिकडे एक राजा लॅटिन बाजूला ठेवत होता. एकमेकांना ते ओळखत नव्हते, काही संबंध नव्हता. पण फरक बघा. तिथे लोकभाषेमागे राजाचा खजिना होता. इथे भिक्षा मागून राहणारी माणसं होती. कुणाची भाषा कशी चालते हे बहुधा या फरकात असतं.

त्या रात्री शब्दांची यादी केली. साखर, आसुकार. नारिंग, नारांहा. संस्कृतातून फारसी, फारसीतून अरबी, अरबीतून स्पॅनिश. काजीचा झाला 'आल्काल्दे', आता त्याचा अर्थ नगराध्यक्ष. दिवाण झाला 'आदुआना', जकात कचेरी. आणि सगळ्यांत लाडका 'फुलानो': कुणीतरी, अमका. अरबीतला तोच शब्द आपल्याकडे फलाणा होऊन आला. सालामांकाच्या बारमध्ये दोन म्हातारे कुणा फुलानोची निंदा करत होते; मला वाटलं मी सदाशिव पेठेत आहे.

लिमाची मुलगी या सगळ्या मेळाव्याला कंटाळली होती. तिचा दिवस उगवला अभ्यासात फ्रान्सिस्को दे बितोरिया आले तेव्हा. हे डोमिनिकन धर्मशास्त्री इथे सान एस्तेबानच्या मठात राहायचे. 1539 मध्ये त्यांनी जाहीर व्याख्यानात विचारलं की, अमेरिकेतल्या लोकांची जमीन आणि राज्यं स्पेनच्या राजानं कोणत्या हक्कानं घेतली? पोपनं दिली म्हणून? पोप जगाचा मालक नाही. तिथले लोक ख्रिस्ती नाहीत म्हणून? त्यानं मालकी जात नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याची मुळं इथे शोधतात. बाईंच्या आवाजात अभिमान होता, तो असायलाही हरकत नाही. मग लिमाची मुलगी बोलली. तिचा मुद्दा साधा होता: त्याच बितोरियांनी शेवटी व्यापाराच्या आणि धर्मप्रचाराच्या हक्काची खिडकी उघडी ठेवली, आणि सगळं साम्राज्य त्या खिडकीतूनच आत आलं. तास संपून वीस मिनिटं झाली तरी कुणी उठलं नाही.

त्या साम्राज्याचा एक कोपरा आपलाही होता, हे आपण विसरतो. 1580 ते 1640 पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांच्या डोक्यावर होता. म्हणजे गोवा साठ वर्षं माद्रिदच्या राजाचा. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं ते याच काळात. त्यांचं कोकणी व्याकरण 1640 मध्ये रायतूरला छापलं; भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण मानतात. नेब्रिहाच्या व्याकरणानंतर दीडशे वर्षांच्या आत. आणि 'गोंयचो सायब'? फ्रान्सिस झेवियर 1506 मध्ये नाबार्रातल्या हाबिएरच्या गढीत जन्मला. तो सहा वर्षांचा असताना, 1512 मध्ये, कास्तीयाच्या राज्यानं नाबार्रा गिळलं. मग तो स्पॅनिश का? मी विचारलं. बाईंनी फळ्यावरच्या जुन्या प्रश्नाकडे बोट दाखवलं. तो अजून पुसलेला नव्हता.

विसाव्या शतकाचे तास मात्र फळ्यावर झाले नाहीत, पायी झाले. विद्यापीठाच्या सभागृहात 12 ऑक्टोबर 1936 रोजी समारंभ होता. फ्रँकोची बंडखोर फौज सालामांकात तळ ठोकून होती. व्यासपीठावर कुलगुरू उनामुनो, शेजारी फ्रँकोची पत्नी कार्मेन पोलो, आणि परकीय सैन्यदलाचा संस्थापक जनरल मियान-आस्त्राय. हेही सांगायला हवं की सुरुवातीला उनामुनो बंडाच्या बाजूनं होते. ते विसरून त्यांचा पुतळा करणं सोपं जातं. त्या दिवशी त्यांच्या खिशात एका बाईचं पत्र होतं. तिचा नवरा, प्रोटेस्टंट पाद्री, तुरुंगात होता. त्याच पत्राच्या पाठीवर त्यांनी चार शब्द खरडले आणि उठून बोलले. भावार्थ असा की, जिंकणं आणि पटवून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनरल ओरडला. उनामुनो कार्मेन पोलोच्या हाताचा आधार घेऊन बाहेर पडले. त्यांचं पद गेलं, ते घरीच बसले, 31 डिसेंबरला वारले. पाद्रीला त्याच महिन्यात गोळ्या घातल्या होत्या.

जगभर पाठ असलेलं ते तडफदार भाषण 1941 मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आलं, आणि लिहिणारे लुईस पोर्तियो त्या दिवशी तिथे नव्हतेच. विद्यापीठाच्याच एका ग्रंथपालानं, सेवेरियानो देल्गादो यांनी, 2018 च्या सुमारास हे नीट मांडलं. मला हे फार आवडलं. आपल्या संस्थेची सर्वांत उजळ दंतकथा संस्थेच्याच नोकरानं तपासली, आणि कुणाचं आकाश कोसळलं नाही. आपल्याकडे असं कुणी केलं तर? असो.

तिथून चालत पाच-सात मिनिटांवर स्मृतीचं अभिलेखागार आहे. फ्रँकोच्या माणसांनी जिंकलेल्या प्रत्येक गावातून पक्षांचे, युनियनचे, शाळामास्तरांचे कागद पोत्यांनी भरून इथे आणले. जतन करायला नाही, माणसं शोधून काढायला. त्यावरून सुमारे तीस लाख कार्डं तयार झाली. एकेक नाव, एकेक संशय. आज त्याच कार्डांच्या आधारे नातवंडं आपल्या आजोबांवर झालेला अन्याय सिद्ध करतात. छळासाठी लिहिलेलं कार्ड दाव्याचा पुरावा होतं.

गावचा चौक, प्लासा मायोर, 1729 ते 1755 मध्ये बांधला. कमानींवर राजांचे, विद्वानांचे, दर्यावर्द्यांचे चेहरे गोलांत कोरलेले. त्यांत फ्रँकोही होता. 2017 च्या जूनमध्ये तो काढला. नव्या कॅथेड्रलच्या दारावर मात्र 1992 च्या दुरुस्तीत कारागिरांनी एक अंतराळवीर कोरून ठेवलाय, आणि लोक त्यालाही बेडकासारखंच शोधतात. एक चेहरा काढला, एक चढवला. मी चौकात रोज कॉफी घ्यायचे. म्हातारी माणसं फ्रँकोच्या जागेकडे बघून काही बोलत नसत, आणि तरुण वर बघतच नसत.

तोंडी परीक्षेत बाईंनी मला दहाव्या आल्फोन्सोच्या खेळांच्या ग्रंथातलं एक चित्र दिलं. ग्रंथ 1283 चा, आता एस्कोरियालच्या ग्रंथालयात. त्याच्या सुरुवातीलाच गोष्ट आहे ती हिंदुस्थानच्या एका राजाची. बुद्धी मोठी की नशीब, हा त्याचा प्रश्न. एक पंडित बुद्धीसाठी बुद्धिबळ आणतो, दुसरा नशिबासाठी फासे, तिसरा दोन्हींसाठी सोंगट्यांचा पट. चतुरंगाचं झालं शतरंज, त्याचं 'आहेद्रेस'. मी सोंगट्यांवर आले. तिरका चालणाऱ्या मोहऱ्याला स्पॅनिशमध्ये 'आल्फिल' म्हणतात, म्हणजे अरबी 'अल-फील', हत्ती. इंग्रज त्याला बिशप म्हणतात. आमच्याकडे तो उंट.

"उंट?" बाई म्हणाल्या. "मग तुमचा हत्ती कुठाय?"

कोपऱ्यात, मी म्हणाले, तुमचा बुरूज आहे तिथे. आणि तुमच्या ग्रंथात राणीच्या जागी जो 'आल्फेर्सा' आहे, तो फारसीतला मंत्री. आमच्या पटावर तो अजून वजीरच आहे, त्याची बाई झालेली नाही.

त्यांनी खडू दिला आणि मला देवनागरीत 'उंट' लिहायला लावलं. मी सवयीनं मोठ्या अक्षरात लिहिलं, अनुस्वारासकट. दुसऱ्या दिवशी वही विसरली म्हणून परत गेले तर त्या खोलीत दुसऱ्याच कुणाचा कलेतिहासाचा वर्ग चालू होता. फळा स्पॅनिशनं गच्च भरलेला. वरच्या उजव्या कोपऱ्यात 'उंट' तसाच होता. शिकवणाऱ्यानं त्याला वळसा घालून लिहिलं होतं.